बादलीतला वाफसा

परतीचा पाऊस दोन दिवस कोसळून गेला आणि गच्चीवरच्या टोमॅटोची पानं खाली वळली. सुकली नव्हती, चांगली हिरवीगार होती. फक्त देठापासून वाकली होती. वर लख्ख ऊन. मला वाटलं, झाड तहानलंय. तांब्याभर पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी आणखी एक तांब्या. चौथ्या दिवशी झाड उपटलं तर मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल निघून हातात येत होती, आणि मातीला गटाराचा वास.

खालच्या मजल्यावरच्या मावशी तेव्हा वाळवण काढायला वर आल्या होत्या. त्यांचं माहेर कामशेतजवळचं, भातवाल्यांचं. त्यांनी कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाल्या, "वाफसाच न्हाय मातीला. मुळी गुदमारली."

वाफसा हा शब्द मला ठाऊक होता, पण पेरणीच्या बातम्यांमधला. मूठभर माती दाबली की तिचा गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की तो फुटावा. म्हणजे ओल आहे आणि हवाही आहे. हा शब्द कुंडीलाही लागू पडतो, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

त्यातून राहायला लोणावळ्यात. इथं वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आसपासच्या मावळाची सारी हुशारी पाणी अडवण्यात मुरलेली. चिखलणी म्हणजे मातीची कणीदार रचना मुद्दाम मोडणं, खाचरात पाणी टिकावं म्हणून. भाताला ते चालतं, कारण त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात. पानांकडची हवा त्यांतून खाली पोचते. टोमॅटोला तशी सोय नाही. त्याच्या मुळांना मातीच्या कणांमधल्या फटींतून प्राणवायू घ्यावा लागतो. फटी पाण्यानं भरल्या की मुळांत तयार झालेला एक पदार्थ वर चढतो आणि पानांत त्याचा इथिलीन वायू होतो. केळी पिकवताना कामी येतो तोच हा वायू. त्यानं देठाची वरची बाजू जास्त वाढते आणि पान खाली वाकतं. माझं झाड पाणी मागत नव्हतं, पाणी पुरे म्हणत होतं.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या आणि खडी घातली की निचरा होतो, असं मीही ऐकलं होतं आणि इमानानं घातली होती. हा समज एका भांडी घासायच्या स्पंजनं मोडतो. स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच उभा करा: पुन्हा धार लागते. बारीक मातीत तळाशी काही बोटं उंचीचा थर भिजलेलाच राहतो, भांडं उथळ असो की खोल. म्हणून उंच भांड्यात मुळांना कोरडा, हवेशीर भाग जास्त मिळतो. खडी घातल्यानं तो भिजका थर जात नाही, खडीच्या वर सरकून बसतो. म्हणजे मुळांच्या आणखी जवळ.

दुसऱ्या वर्षी म्हणून रंगाची 20 लिटरची बादली घेतली. सळई तापवून तळाला दहा-बारा भोकं पाडली आणि बाजूंनाही, तळापासून दोन बोटं वर. बादली स्लॅबवर सपाट ठेवली की तळाची भोकं बंद होतात, आणि आमच्या गच्चीवर पावसाळ्यानंतर जे शेवाळ साचतं ते उरलेलं काम करतं. म्हणून खाली दोन विटा. खालची ताटली काढूनच टाकली.

खरी अडचण मातीची होती. पोत्यात मिळणारी लाल माती चार पाण्यांत विटेसारखी बसते. तिच्यावरचा इलाज तळेगावच्या पॉलीहाऊसांत पाहिला. तिथं गुलाब आणि जरबेराचे गादीवाफे गुडघ्याएवढे उंच करतात, आणि लाल माती व शेणखतात भाताचं तूस मिसळतात. तूस सिलिकामुळे लवकर कुजत नाही, मातीच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणजे जन्मभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या पिकाचं टरफल दुसऱ्याच्या मुळांना श्वास देतं! मावशींच्या भावानं गिरणीतून पोतंभर पाठवलं. दोन घमेली माती, एक घमेलं तूस, एक घमेलं कुजलेलं शेणखत. कोकोपीटही थोडं घातलं, पण हात आखडता घेतला. ते पाणी धरून बसतं आणि आमच्याकडे पाण्याला तोटा नाही.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो ज्या 20 किलोच्या जाळीदार क्रेटमधून येतो, तसा एक जुना क्रेटही आतून गोणपाट लावून भरला. त्यात मूळ कडेला येतं, हवा लागली की टोक वाळतं आणि मागून नवे फाटे फुटतात. गोल कुंडीतल्यासारखं गुंडाळत बसत नाही. एकच खोड: क्रेट लवकर सुकतो, डिसेंबरात रोज पाणी मागतो. पाणी कधी खूप, कधी नाही असं झालं की फळाचं बूड काळं पडतं; कॅल्शियम वेळेवर पोचत नाही. माझी पहिली पाच फळं अशीच गेली.

रोपं ऑक्टोबरात लावली, खालची पानं खुडून निम्मं खोड मातीत पुरून, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात. पाणी ओतलं की मिनिटभरात खालून धार लागायची. बादली एका हातानं तिरकी करून वजनावरून ओल ओळखायची सवय लागली; बोटापेक्षा तो अंदाज बरा. थंडीच्या रात्री मोठ्या जातीची फुलं गळाली, चेरी टोमॅटो मात्र धरला.

तीन आठवड्यांनी बादलीच्या कडेला गवतासारखी चार पाती दिसली. उपटायला गेलो तर मावशींनी हात धरला. "आरं, भात हाय तो." तुसात राहिलेले दाणे रुजले होते. पाती बारीक, पिवळट. मावशींनी ती अलगद मातीसकट काढली, कोपऱ्यात टाकलेली ताटली शोधली, तिच्यात चिखल कालवला आणि चारही रोपं ओळीनं रोवून वर बोटभर पाणी भरलं.