स्वस्त, महाग आणि रास्त



'रास्त भाव दुकान' ही पाटी तुम्ही वाचली असेल. 'रास्त' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. तेथे त्याचा अर्थ खरा, सरळ, योग्य असा होतो. मराठीत रास्त भाव म्हणजे योग्य भाव. रास्त वस्तू सगळ्यांत स्वस्त असेलच असे नाही. दिलेल्या पैशांचा पुरेपूर मोबदला जी देते, ती वस्तू रास्त. आज हीच कसोटी आपण संगणकातील ग्राफिक्स कार्डाला लावून पाहू या.

तुमच्यापैकी अनेकांना संगणकावरील खेळ आवडतात. खेळातील मोटार वळणावर कशी झपकन वळते! हे चित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. 'फुल एचडी' पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. हालचाल सलग दिसावी म्हणून असे चित्र एका सेकंदात ६० वेळा नव्याने काढले, तर १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. एका विद्वानाला हजार सोपी गणिते दिली, तर त्याला वेळ लागेल. तीच गणिते शाळेतील हजार मुलांना एकेक वाटून दिली, तर ती क्षणात सुटतील. ग्राफिक्स कार्डावर असेच हजारो लहान गणक एकाच वेळी काम करतात. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक २०२० साली जगातील ५०० बलाढ्य संगणकांच्या यादीत ६३ वा आला. तोही याच जातीच्या प्रोसेसरांच्या बळावर.

या कार्डांच्या बाजारात मुख्य स्पर्धा तीन कंपन्यांची आहे. एनव्हिडिया ही कंपनी १९९३ साली स्थापन झाली. एएमडीने २००६ साली एटीआय ही कंपनी विकत घेऊन या क्षेत्रात पाऊल टाकले. इंटेलने २०२२ साली 'आर्क' नावाची कार्डे आणली. प्रत्येक जण म्हणतो, "माझेच कार्ड सरस!" मग आपण निवड कशी करावी?

पहिली पायरी भागाकाराची. कार्डाची किंमत भागिले सेकंदाला मिळणारी चित्रे, असा हिशेब करा. समजा, एका खेळात १८,००० रुपयांचे कार्ड ३० चित्रे देते, २५,००० रुपयांचे ६० देते आणि ४०,००० रुपयांचे ८० देते. पहिल्यात एका चित्रामागे ६०० रुपये पडतात, दुसऱ्यात सुमारे ४१७ आणि तिसऱ्यात ५००. म्हणजे जे सगळ्यांत स्वस्त दिसत होते, तेच हिशेबात सगळ्यांत महाग ठरले! मात्र चित्रांचे आकडे कंपनीच्या जाहिरातीतून घेऊ नका. त्रयस्थ परीक्षकांनी केलेल्या चाचण्या पाहा आणि तुम्ही जो खेळ खेळणार, त्याचेच आकडे घ्या.

दुसरी पायरी पडद्याची. तुमचा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवणारा असेल, तर ८० चित्रे देणाऱ्या कार्डाची वरची २० चित्रे तुम्हांला दिसणारच नाहीत. घागरीत मावेल तेवढेच पाणी घरी येते.

तिसरी पायरी विजेची. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचे आरएक्स ७६०० ही दोन्ही कार्डे २०२३ साली आली. दोघांची स्मृती ८ जीबी. अमेरिकेत पहिल्याची किंमत २९९ डॉलर ठरली, तर दुसऱ्याची २६९. पण पहिले ११५ वॅटपर्यंत वीज घेते आणि दुसरे १६५. फरक ५० वॅटचा. रोज दोन तास पूर्ण जोराने खेळले, तर वर्षाला सुमारे ३६ युनिटांचा फरक पडतो. युनिटला १० रुपये धरले, तर हे झाले वर्षाचे ३६० रुपये. आता दुकानात दोन्ही कार्डांचे भाव विचारा. किमतीतील फरक किती वर्षांत भरून निघतो, ते तुम्हीच काढा.

चौथी पायरी जोडीची. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचे आर्क बी५८० आले. किंमत २४९ डॉलर आणि स्मृती १२ जीबी. स्मृती जास्त असली, की मोठ्या खेळांतील चित्रे अडखळत नाहीत. सौदा उत्तम वाटतो ना? पण या कार्डाला 'रिसायझेबल बार' ही सोय असलेला संगणक लागतो. जुन्या संगणकात ते आपली पूर्ण ताकद दाखवत नाही. कार्डासाठी संगणकच बदलावा लागला, तर स्वस्ताई कोठे राहिली? कार्ड पेटीत मावेल का, वीज पुरवणारा 'पॉवर सप्लाय' पुरेसा आहे का, हेही आधी पाहावे.

पाचवी पायरी आपल्या गावाची. हरसूलला पावसाळा जोराचा. वीज जाते, येते, दाब कमी-जास्त होतो. म्हणून थोडे पैसे यूपीएससाठी राखून ठेवावेत. कार्ड बिघडले, तर एस.टी.ने नाशिक गाठावे लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव थोडा कमी मिळाला, तरी जाण्यायेण्याचा खर्च आणि वॉरंटीची सोय हिशेबात धरावी.

जुन्या कार्डाचा मोहही होईल. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरील खननाची पद्धत सोडली, तेव्हा त्या कामात रात्रंदिवस राबलेली कार्डे जगभर विक्रीला आली. जुने कार्ड घेताना बिल मागावे, वॉरंटी किती उरली ते विचारावे आणि समोर अर्धा तास खेळ चालवून पाहावा.

मित्रांनो, घरात येणारा पैसा कोणी शेतात, कोणी दुकानात, कोणी बांधकामावर घाम गाळून आणतो. वडिलांपाशी किंवा अम्मीपाशी हट्ट धरण्याआधी हा हिशेब वहीत मांडा. अभ्यास आणि साधे खेळ एवढीच गरज असेल, तर पुष्कळ प्रोसेसरांत असलेली चित्रांची सोय पुरते. तेव्हा कार्ड न घेणे, हाही रास्त निर्णयच होय. मित्राकडे आहे म्हणून घेतलेली वस्तू मित्राच्या गरजेची असते. आपली गरज आपल्याच वहीत सापडते.