डॉल्बी : एका नावाची वरात

रेवस-रेवदंड्यापासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर लग्न ठरलं, की मांडव आणि जेवणाच्या बरोबरीने एक प्रश्न हमखास निघतो : ‘डॉल्बी कुणाची सांगितली?’ विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक असतो. टेम्पोवर एकावर एक रचलेले स्पीकरचे खोके, खाली बेसचे, वर टॉपचे. सोबत जनरेटर आणि बोर्डावर बसलेला ऑपरेटर. हा सगळा सरंजाम म्हणजे डॉल्बी. हळदीला डॉल्बी, नारळी पुनवेला डॉल्बी, विसर्जनाला डॉल्बी. घाटावर सातारा-सांगली-कोल्हापूरकडे तर हा शब्द इथल्यापेक्षाही अधिक रुळलेला आहे. २०१६च्या ‘जाऊंद्याना बाळासाहेब’ या चित्रपटातल्या एका गाण्याचं नावच ‘डॉल्बीवाल्या’ आहे.

भाषाशास्त्राचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. कानावर पडलेले शब्द वहीत टिपून ठेवण्याची सवय मात्र जुनी आहे. त्या वहीतल्या शब्दांमध्ये ‘डॉल्बी’इतका मूळ अर्थाच्या नेमका उलट गेलेला दुसरा शब्द मला सापडला नाही.

डॉल्बी हे मुळात आडनाव आहे. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता. केंब्रिजहून डॉक्टरेट घेतल्यावर १९६३ ते १९६५ ही दोन वर्षं तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतातच होता. १९६५मध्ये त्याने लंडनला स्वतःची प्रयोगशाळा काढली, ती ध्वनिमुद्रणातला गोंगाट कमी करण्यासाठी. चुंबकीय फितीवर काहीही मुद्रित केलं, की मागे सतत एक सूं-सूं उरते. गाणं मोठं असेल तेव्हा ती ऐकू येत नाही. गायक हळू स्वरात आला, की ती जाणवते. डॉल्बीची युक्ती अशी : मुद्रण करताना हळू आवाज, विशेषतः वरच्या पट्टीतले, मुद्दाम वाढवून फितीवर घालायचे आणि ऐकवताना तेवढेच खाली आणायचे. आवाज मूळ जागी येतो आणि त्याच्याबरोबर फितीची सूं-सूंही खाली जाते. १९६८मध्ये या युक्तीची घरगुती आवृत्ती आली आणि पुढे ती कॅसेट डेकमध्ये बसली. तिने ही सूं-सूं सुमारे १० डेसिबलने, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात दहाव्या हिश्शावर येत असे. ज्यांच्या घरी चांगला डेक होता, त्यांना त्यावरचं ‘डॉल्बी’ लिहिलेलं बटण आठवत असेल. ते दाबलं, की आवाज शांत होई.

मग शांततेचं हे नाव गोंगाटाला कसं चिकटलं? मला वाटतं, दुवा सिनेमाच्या थिएटरात आहे. याच कंपनीने पुढे चित्रपटांसाठी ध्वनीच्या पद्धती काढल्या. १९९०नंतर आपल्याकडच्या जाहिरातींत आणि थिएटरांच्या दारांवर डॉल्बीचं नाव झळकू लागलं. प्रेक्षकाला त्या नावाखाली अनुभव आला तो चहूबाजूंनी येणाऱ्या, छातीत धडधडणाऱ्या आवाजाचा. गोंगाट गाळण्याची कामगिरी पडद्यामागची, ती कुणाला दिसणार? दिसलं-ऐकलं ते मोठेपण. तोच अनुभव रस्त्यावर आला तेव्हा नावही सोबत आलं. मिरवणुकीतल्या भिंतीशी त्या कंपनीचा काही संबंध नाही. नाव तेवढं तिचं. मराठीने ते पुरतं आपलं केलं. ईकारान्त म्हणून बहुतेक ठिकाणी ती डॉल्बी ‘वाजते’, काही ठिकाणी मात्र डॉल्बी ‘लावला’ असंही कानावर येतं.

परक्या वाद्याचं नाव घेऊन त्याला नवा अर्थ देण्याची या किनाऱ्याला सवय आहेच. आपला ‘बेंजो’ हा अमेरिकेतला बँजो नव्हे. जपानमध्ये १९१२ साली तयार झालेल्या, कळा दाबून वाजवायच्या तंतुवाद्याचा तो वंशज. आणि आता तर ‘बेंजो’ म्हणजे अख्खी वाजवणारी पार्टी. त्या नावबदलाने कुणाचं काही बिघडलं नाही.

‘डॉल्बी’च्या जोडीच्या ‘डीजे’ शब्दाचं तसं नाही. डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या निवडून लावणारा माणूस. अमेरिकन रेडिओवर हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे डीजे ‘येतो’, ‘लागतो’, पोलिसांकडून ‘जप्त होतो’. माणूस होता, त्याचं यंत्र झालं. गावात भांडण होतं तेव्हा याचा परिणाम दिसतो. ‘डीजेचा आवाज वाढला’ असं आपण म्हणतो. कुणी वाढवला, हे त्या वाक्यात येतच नाही. बटणावरचा हात शब्दातूनच गळाला आहे.

याची किंमत ज्यांना मोजावी लागते ते मिरवणुकीत नसतात. ते गल्लीतल्या घरात असतात : तान्ही मुलं, हृदयविकाराचे रुग्ण, पहाटे होडीवर जायचं म्हणून लवकर निजलेली माणसं. त्यांच्या बाजूने गाव काही ठरवतं, तेव्हा ठराव होतो ‘डॉल्बीबंदी’चा. पुढच्या लग्नात तेवढेच खोके येतात आणि उत्तर तयार असतं : ‘ही डॉल्बी नाही, साधा साउंड आहे.’ ज्या शब्दाला ठरलेलं मापच नाही, त्याच्यावर घातलेली बंदी नाव बदललं की संपते.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या केंद्रीय नियमांत ना डॉल्बी आहे ना डीजे. तिथे ध्वनिक्षेपक आहे, ध्वनिवर्धक आहे, वाद्यंही आहेत. म्हणजे ढोल-ताशाही सुटत नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर हे वाजवायला मनाई. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्री १२पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. त्यापेक्षा १० डेसिबलने किंवा अधिक आवाज झाला, तर कुणीही तक्रार करू शकतो. रे डॉल्बीने फितीवरून जेवढा गोंगाट उतरवला, तेवढाच इथे वाढला की तक्रारीचा हक्क मिळतो.

या आकड्यातही एक फट आहे, ती माहीत असलेली बरी. नियमातलं माप ‘डेसिबल ए’ आहे. माणसाचा कान खर्जातले स्वर कमी ऐकतो, म्हणून हे मापही ते कमी धरतं. ५० हर्ट्झच्या आसपास सुमारे ३० डेसिबलने कमी. डॉल्बीचा सगळा जोर नेमका तिथेच. या स्वराची लहर जवळपास सात मीटर लांब असते. दार-खिडकी लावून ती अडत नाही. म्हणून आवाजाचा आकडा फार वाटला नाही, तरी कौलं थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात आणि छातीत ठोके बसतात. आजारी माणूस ‘आवाज’ नव्हे, तर ‘दणका’ म्हणतो, तेव्हा तो मापाच्या पट्टीपेक्षा अचूक बोलत असतो.

हा शब्द मराठीतून हाकलून द्यावा, असं माझं म्हणणं नाही. लोकांनी घडवलेला शब्द कुणाच्या सांगण्याने जात नाही, आणि हळदीला नाचणाऱ्यांचा आनंदही खोटा नाही. पण ठराव आणि अर्ज लिहिताना त्याच्यावर विसंबून राहू नये. ‘डॉल्बी लावणार नाही’ या वाक्याऐवजी बेसचे खोके किती, कोणत्या वेळेपर्यंत, घरांच्या भिंतीपाशी आवाज किती आणि बोर्डावर बसणाऱ्याचं नाव काय, या चार गोष्टी कागदावर याव्यात. नाव काहीही असो, खोके मोजता येतात, घड्याळ सगळ्यांना दिसतं आणि आवाज कमी करायला सांगायचं कुणाला, हेही मग कळतं.