औषधाच्या दुकानातला 'नाही'

असा प्रसंग तुमच्यावर कधी ना कधी आला असेल. आजोबांना ताप आणि खोकला आहे. मागच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी कपाटात सापडते. आई ती तुमच्या हातात देते आणि म्हणते, "मेडिकलमधून याच्या दोन गोळ्या घेऊन ये." तुम्ही धावत दुकानात जाता. काउंटरमागचे काका पट्टी उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, "चिठ्ठी आहे का?" चिठ्ठी तर नसते. "मग नाही देता येणार, बाळ. डॉक्टरांना दाखवून घ्या."

चार पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात कदाचित काहीही न विचारता गोळ्या मिळतात. घरी येऊन तुम्ही सांगता, "ते पहिले दुकानदार फार खडूस आहेत!"

ते खरोखरच खडूस आहेत काय? हा निवाडा करण्यापूर्वी त्यांच्या त्या 'नाही'मागे काय काय दडलेले आहे ते पाहू या.

एका गोड औषधाची कहाणी

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या औषधाचा मोठा बोलबाला होता. घशाच्या आणि रक्ताच्या जंतुसंसर्गावर ते गुणकारी ठरले होते. पण ते गोळ्या आणि भुकटीच्या रूपातच मिळे. लहान मुलांना गोळी गिळवत नाही, म्हणून पातळ औषधाची मागणी होऊ लागली. टेनेसी राज्यातील एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला हे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या द्रवात छान विरघळते असे आढळले. त्यात रासबेरीचा स्वाद मिसळला, रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली. एकच गोष्ट पाहायची राहिली. हा द्रव पोटात गेल्यावर काय करतो?

डायएथिलीन ग्लायकॉल दिसायला ग्लिसरीनसारखेच असते. दोन्ही रंगहीन, दाट आणि गोड. परंतु शरीरात गेल्यावर डायएथिलीन ग्लायकॉलपासून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडाच्या पेशींचा नाश करते. लघवी बंद होते आणि रोगी काही दिवसांत दगावतो. त्या औषधाने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्यांत कितीतरी लहान मुले होती.

आश्चर्य वाटेल, पण औषध बाजारात आणण्यापूर्वी त्याची सुरक्षितता तपासलीच पाहिजे असा कायदा तेव्हा त्या देशात नव्हता. सरकारला कारवाई करता आली ती वेगळ्याच मुद्द्यावर. बाटलीवर 'एलिक्झिर' असे नाव होते, एलिक्झिर म्हणजे मद्यार्कयुक्त औषध, आणि या औषधात मद्यार्क नव्हता! नाव खोटे म्हणून माल जप्त झाला. निरीक्षक गावोगाव, दुकानोदुकानी फिरले. विक्रीची नोंद सापडली तिथे तिच्या आधारे थेट घराचा दरवाजा गाठता आला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कायदा केला. नवे औषध सुरक्षित आहे हे आधी दाखवा, मगच विका, असे त्याने बजावले.

औषधांच्या कायद्यांतील पुष्कळशी कलमे अशीच कोणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिली गेली आहेत. ती वाचायला रुक्ष वाटतात, पण त्यांच्यामागे माणसे आहेत.

काउंटरमागे कोण उभे आहे?

आपल्या देशातही हा प्रश्न जुना आहे. बाजारात भेसळीची आणि निकृष्ट औषधे फार झाली, म्हणून १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. औषधांवर नियंत्रण हवे आणि ती देणाऱ्या माणसाला शिक्षणही हवे, अशा दोन्ही गोष्टी तिने सांगितल्या. त्यातून पुढे दोन कायदे आले. १९४० चा कायदा औषधाविषयीचा. आज तो 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा' या नावाने ओळखला जातो, आणि त्याची नियमावली १९४५ ची आहे. दुसरा १९४८ चा फार्मसी कायदा. तो औषध देणाऱ्या माणसाविषयीचा.

तुमच्या आजीला डॉक्टरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर आठवत असतील. ते बाटलीत लाल-गुलाबी मिश्रण भरत आणि किती प्यायचे ते कळावे म्हणून बाटलीवर दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवीत. आता औषधे कारखान्यातून तयार होऊन येतात. मग दुकानात शिकलेला माणूस कशाला, असे तुम्हांला वाटेल. नुसती पट्टी फळीवरून काढून द्यायची तर ते काम कोणीही करील!

कायदा तसे मानत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे, असे १९४८ चा कायदा सांगतो. त्यासाठी बारावी विज्ञान शाखेनंतर किमान दोन वर्षांची पदविका आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते. नंतर राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. दुकानातली मदतनीस मुले फळीवरून औषध काढून आणतील, बिलही करतील. पण ते योग्य आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी फार्मासिस्टची. म्हणूनच चिठ्ठीवरची औषधे त्यांच्या देखरेखीखाली द्यावीत, असा नियम आहे.

पट्टीवरची लाल रेघ

आता ती रिकामी पट्टी पुन्हा हातात घ्या. तिच्या कडेला उभी लाल रेघ दिसते का? 'आरएक्स' अशी खूण दिसते का? असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. नियमावलीच्या 'एच' या अनुसूचीत अशा औषधांची यादी आहे. काही औषधांभोवतीचे कुंपण आणखी उंच आहे. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' ही अनुसूची लागू झाली. तिच्यात क्षयरोगावरील औषधे, काही प्रभावी प्रतिजैविके आणि सवय लावणारी काही औषधे आहेत. ती देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि संख्या वेगळ्या वहीत लिहावी लागते व ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. 'एक्स' अनुसूचीतील औषधे तर कुलपात ठेवतात. त्यांच्या चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत दुकानात दोन वर्षे राहते.

प्रतिजैविकांसाठी एवढा खटाटोप का? याचे उत्तर जीवशास्त्रात आहे. शरीरात शिरलेले सगळे जंतू सारखे चिवट नसतात. औषधाची मात्रा अपुरी पडली, तर लेचेपेचे जंतू मरतात आणि चिवट उरतात. उरलेल्यांची प्रजा वाढते. पुढच्या वेळी तेच औषध त्यांच्यावर चालत नाही. पेनिसिलीनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगून ठेवला होता. पेनिसिलीन दुकानात कोणालाही सहज मिळू लागले तर अपुरे डोस घेऊन लोक जंतूंना पक्के करतील, असा त्यांचा इशारा होता.

आजोबांचा ताप विषाणूंमुळे आलेला असेल, तर त्यावर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग नाही. जंतूंमुळे असेल, तर दोन गोळ्या पुरणार नाहीत. म्हणजे दोन्हीकडून तोटाच. शिवाय बळावलेले जंतू काही आजोबांपाशीच थांबत नाहीत. ते तुमच्याकडे, शेजाऱ्यांकडे, तुमच्या वर्गातही जातात.

दोन बाटल्यांचे गणित

चिठ्ठी असली म्हणजे काम संपले, असेही नाही. फार्मासिस्टला ती वाचून तपासावी लागते. तारीख आहे का? सही आहे का? मात्रा बरोबर आहे का? लॅमोट्रिजिन आणि लॅमिव्हुडिन ही नावे घाईत लिहिली तर किती सारखी दिसतात पाहा. पहिले फेफऱ्यावरचे औषध आहे, दुसरे एका विषाणूजन्य आजारावरचे.

मात्रेचे एक सोपे उदाहरण करू. लहान मुलांना तापासाठी पॅरासिटामॉल एका वेळी, वजनाच्या दर किलोमागे, साधारण १० ते १५ मिलिग्रॅम देतात. १० किलो वजनाच्या बाळाला १५ च्या हिशेबाने १५० मिलिग्रॅम झाले. बाजारात एक पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमचे मिळते. म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम. १५० मिलिग्रॅमसाठी त्याचे ६ मिलिलिटर लागतील. पण त्याच औषधाचे थेंबही मिळतात आणि त्यांच्या १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात. चुकून थेंबांची बाटली हाती आली आणि आईने नेहमीप्रमाणे ६ मिलिलिटर पाजले, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम गेले. चौपट! असे डोस पुन्हा पुन्हा गेले तर यकृताला इजा होते. (हे गणित समजून घेण्यासाठी आहे. घरी मात्रा ठरवण्यासाठी मुळीच नाही.)

म्हणून चांगला फार्मासिस्ट विचारतो, "बाळाचे वजन किती? ही बाटली घरी आधीपासून आहे का?" मागे गर्दी खोळंबलेली असते, तरीही विचारतो. शंका आली तर तो डॉक्टरांना फोन करतो. मनाने औषध बदलत नाही. लिहिलेल्या औषधाऐवजी परस्पर दुसरे देण्याची मुभा नियमांतही नाही.

कायद्यात न मावणारे

काही गोष्टी कायद्याच्या धाकाने होत नाहीत. त्यांच्यासाठी भारतीय फार्मसी परिषदेने व्यवसायाची नीतिसंहिता केली आहे. तिच्यातली एक सूचना फार मार्मिक आहे. चिठ्ठी हातात आल्यावर फार्मासिस्टने तिच्यावर टीकाटिप्पणी तर करू नयेच, पण चेहऱ्यावर भीती किंवा आश्चर्यही दाखवू नये! का बरे? समोर उभा असलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. औषध देणाऱ्याच्या कपाळावर आठी दिसली, तर त्याचा डॉक्टरांवरचा विश्वास डळमळतो आणि कदाचित तो औषधच घेणार नाही. शंका असेल तर ती शांतपणे डॉक्टरांपाशी काढायची.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. गल्लीत कोणाला क्षय झाला आहे, कोण मनाच्या आजारावर औषध घेत आहे, हे फार्मासिस्टला चिठ्ठीवरून कळते. ते त्याच्याच मनात राहिले पाहिजे. तिसरी पैशाची. जास्त नफा देणारे औषध पुढे करणे सोपे असते. लाल रेघेचे औषध चिठ्ठीशिवाय देऊन गिऱ्हाईक राखणे त्याहून सोपे. 'मी नाही दिले तर शेजारचा देईलच' हा विचार मनात येणे साहजिक आहे. तिथेच माणसाची परीक्षा होते.

साखळी कुठे तुटते?

डायएथिलीन ग्लायकॉलची गोष्ट १९३७ मध्येच संपली असती तर किती बरे झाले असते! १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच विष मिसळलेले निघाले. १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि पुरवठादार, रुग्णालय व औषध प्रशासन अशा सगळ्या पायऱ्यांवरचा हलगर्जीपणा उघड केला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातील याच विषाने वीसहून अधिक बालकांचे प्राण घेतले. कायदा पुस्तकात होता. तपासणी व्हायला हवी होती, ती झाली नाही.

असे विष फार्मासिस्टला डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. पण तो परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच, बिल घेऊन माल आणू शकतो. सदोष औषधाची सूचना येताच तो बॅच क्रमांक पाहून बाटल्या बाजूला काढू शकतो आणि नोंदी पाहून विकलेल्या बाटल्यांचा माग काढू शकतो. म्हणून तुम्हीही बिल मागून घ्या. बॅच क्रमांक लिहिलेला तो कागद म्हणजे तुमच्या घराचा पत्ताच होय.

करून पाहा

मोठ्या माणसांना सोबत घेऊन घरातील औषधांच्या पट्ट्या व बाटल्या टेबलावर मांडा. प्रत्येकीवर या गोष्टी शोधा: औषधाचे मूळ नाव, बॅच क्रमांक, तयार केल्याची व मुदत संपण्याची तारीख, उत्पादन परवान्याचा क्रमांक, 'आरएक्स' आणि लाल रेघ. वहीत तक्ता करा. मुदत संपलेली औषधे मोठ्यांच्या हवाली करा. नंतर जवळच्या औषधाच्या दुकानात जाऊन भिंतीवरचा परवाना आणि फार्मासिस्टचे नोंदणी प्रमाणपत्र पाहा.

आणि त्या पहिल्या दुकानातल्या काकांकडे एकदा मुद्दाम जा. त्यांनी त्या दिवशी तुम्हांला दोन गोळ्या दिल्या असत्या, तर गल्ल्यात चार पैसे पडले असते आणि कोणी काही बोललेही नसते. तरी त्यांनी 'नाही' म्हटले. का, ते आता तुम्हीच घरी आईला समजावून सांगा, आणि आजोबांना डॉक्टरांकडे घेऊन जा.