लांबून फोटो काढायचा, तर कोणती लेन्स?

गणेशोत्सव जवळ आला की तालमी सुरू होतात आणि त्याबरोबर "यंदा फोटो तरी चांगले येऊ देत" हेही सुरू होतं. आजींचं भारूड किंवा नातवाचं पहिलं नाटुकलं पुन्हा होत नाही. फोटो हलला की तो प्रसंग अल्बममधून गेलाच. म्हणून टेलिफोटो प्राइम लेन्स घ्यावी का, आणि कोणती, याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

प्राइम म्हणजे एकाच फोकल लेंथची लेन्स. तिच्यात झूम नाही, पण प्रकाश भरपूर मिळतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी झूम लेन्स लांबच्या टोकाला बहुधा एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/२ ची प्राइम तिच्या आठपट प्रकाश घेते. झूमला जिथे शटर सेकंदाचा १/२५ भाग उघडं ठेवावं लागतं, तिथे प्राइमला १/२०० पुरतो. पहिल्यात फुगडी घालणाऱ्यांचे चेहरे पुसट होतात, दुसऱ्यात ओळखू येतात. शिवाय फ्लॅश लागत नाही, त्यामुळे नटांच्या डोळ्यांवर लखलखाट होत नाही.

आता अंतराचा हिशेब. फुल फ्रेम कॅमेरा असेल तर ३६० ला फोकल लेंथने भागा. दहा मीटरवर किती मीटर रुंदीचं दृश्य मावेल ते कळतं. ८५ एमएममध्ये सुमारे ४.२ मीटर, १३५ मध्ये २.७, २०० मध्ये १.८ आणि ३०० मध्ये १.२ मीटर. लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर ३६० ऐवजी साधारण २३० धरा. म्हणजे दहा मीटरवरून नाटकातला तिघांचा प्रवेश घ्यायला ८५, आणि एकट्या गायिकेसाठी १३५.

अनंत चतुर्दशीला इंदूरमध्ये रात्री झाक्या निघतात, तेव्हा ८५ एमएम एफ/१.८ सोयीची. गर्दीत मागे सरकायला जागा नसते, तिथे २०० नुसती अडचण होते. रंगपंचमीची गेर राजवाड्याजवळच्या एखाद्या गच्चीवरून टिपायची असेल, तर मात्र १३५ किंवा २०० कामाची. रंग-पाण्यात लेन्स बदलता येत नाही, तेव्हा एकच लावून वर जावं.

घरच्या समारंभात एक गोष्ट सांभाळा. तीन मीटरवरून ८५ एमएम एफ/१.८ ला जेमतेम १३ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, तर १३५ एमएम एफ/२ ला सहाच. मुंजीत बटूचा चेहरा स्पष्ट आणि मागे बसलेली आई धूसर, असं होतं. दोघं हवे असतील तर ॲपर्चर एफ/४ किंवा एफ/५.६ वर आणा.

पक्ष्यांचं गणित वेगळं. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर ही आपल्याजवळची दोन्ही ठिकाणं २०२२ साली रामसर यादीत आली. यशवंत सागरला सारस दिसतात. सारस दीड मीटरहून उंच असतो, तरी पन्नास मीटरवरून ३०० एमएममध्ये तो फ्रेमच्या निम्म्या उंचीलाही पोचत नाही. इथे ४०० ते ६०० लागते. पण वजनही बघा. निकॉनची ३०० एमएम एफ/४ पीएफ ७५५ ग्रॅमची आहे, तर त्यांचीच ३०० एमएम एफ/२.८ व्हीआर २ सुमारे २.९ किलोची. प्रकाश दुप्पट, वजन जवळजवळ चौपट! कॅननची आरएफ ६०० एमएम एफ/११ एक किलोच्या आत आहे, पण ती उन्हातच चालते, सभागृहात नाही. आणि लेन्स कमी पडली म्हणून पक्ष्याच्या जवळ जाऊ नका. सारसाची घरटी पावसाळ्यात पाणथळीतच असतात. माणूस जवळ आला की पक्षी अंड्यांवरून उठतो.

बहुतेक घरांना पहिली लेन्स म्हणून ८५ एमएम एफ/१.८ पुरेल, असं आम्हाला वाटतं. वर्गणीतून मंडळासाठी घ्यायची असेल, तर आधी दोन दिवस भाड्याने आणा आणि तालमीच्या वेळी आपण नेहमी उभे राहतो तिथूनच वापरून बघा. घरी झूम लेन्स असेल तर त्याहून सोपा उपाय आहे. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ नोंदलेली असते. गेल्या वर्षीचे फोटो उघडा आणि सर्वांत जास्त वेळा कोणता आकडा येतो ते मोजा. त्याच्या जवळची प्राइम तुमच्या कामाची.