घटातील ज्वारी आणि तोरणातील झेंडू

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघरी घट बसतो. पत्रावळीवर शेतातील काळी माती पसरून तीत धान्य पेरले जाते, मध्ये कलश मांडला जातो आणि रोज एक माळ चढते. माहूरची रेणुकामाता आणि तुळजापूरची भवानी यांच्या छायेत वसलेल्या नांदेड-लातूरच्या मुलखात घटावाचून घर क्वचितच आढळते. कीर्तन संपल्यावर श्रोते विचारतात, ‘‘बुवा, हा सारा विधी आपलाच ना? यात परके काही नाही ना?’’ याचे उत्तर देव्हाऱ्यापाशीच आहे.

प्रथम घटात उगवणारी ज्वारी पाहा. आपल्या भाकरीचे हे धान्य सुमारे ५ हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेत, आजच्या सुदानच्या पूर्व भागात, लागवडीस आले आणि तेथून भरतखंडात पोचले. संस्कृतात त्यास ‘यावनाल’ म्हणतात. ‘यव’ म्हणजे सातू, ‘नाल’ म्हणजे देठ; परिचित धान्याच्या नावावरून नवागताचे बारसे झाले, असे दिसते. बाजरी आणि चवळी याही आफ्रिकेच्याच लेकी. वेळ अमावास्येस लातूरकडील शेतकरी कडब्याची कोप उभारून पांडव पूजतो आणि आंबिलाचा नैवेद्य दाखवतो, तेव्हा ज्वारीचे माहेर कोणी विचारीत नाही.

दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मूळचा मेक्सिकोचा. १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे युरोपीय व्यापाराच्या ओघात तो आपल्याकडे आला. मेक्सिकोतील कुटुंबे १ व २ नोव्हेंबरला पितरांसाठी वेदी सजवतात. झेंडूच्या रंगागंधाने पितरांना घराची वाट सापडते, अशी त्यांची श्रद्धा. पितृपक्ष पाळणाऱ्या आपणांस ही भावना परकी कशी वाटावी? उपवासाचा शेंगदाणा, रताळे, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद हेही अमेरिका खंडातूनच आले.

येथे एक विचार मनास टोचतो. बीज आले ते देवापुढे पोचले. माणसे आली त्यांचे काय झाले?

मलिक अंबर १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मला, बालपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे अहमदनगरच्या निजामशाहीत आला. १६०२ साली आपल्या नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला. मोगल सैन्याचा नायक होता इरज, म्हणजे कृष्णभक्तीचे दोहे रचणाऱ्या रहीम खानखानाचा पुत्र. त्या घावातून सावरून अंबराने निजामशाही तोलून धरली आणि जमिनीचा कस पाहून सारा ठरवणारी पद्धत घालून दिली. १६२४च्या भातवडीच्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात अंबराचे वर्णन सूर्याप्रमाणे प्रतापी असे येते. छत्रपतींच्या चरित्रकाराला परधर्मी हबशाचा गौरव करताना संकोच वाटला नाही.

पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी अनेक जण पळून रानात शिरले. यल्लापूर, हल्याळकडील सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत. त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही कुरळे केस आणि काळा वर्ण पाहून त्यांना ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ असे विचारले जाते. पुण्यासारख्या शहरात शिकावयास येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना भाड्याची खोली मिळतानाही अडचण पडते. धान्यास देव्हारा आणि माणसास उंबरठाही नाही, हे जगदंबेच्या उपासकांना शोभत नाही. तिचे एक रूप महाकाली आहे. वर्णाने काळ्या अशा त्या रूपाला आपण भक्तीने आळवतो.

विजयादशमीस आपण सीमोल्लंघन करतो. गावाची शीव ओलांडून शमीचे पूजन होते आणि आपट्याचे सोने लुटले जाते. यंदा मनाचीही शीव ओलांडावी. सोने देताना वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे, आणि दूरदेशीचा कोणी आपल्या गल्लीत राहत असेल तर त्याच्याही हाती दोन पाने ठेवून त्यास फराळास बोलवावे. ताटातील भाकरी त्याच्या पूर्वजांच्या भूमीतून आलेली असेल. ती वाढताना ‘हे तुमचेच’ असे म्हणावे, म्हणजे आपला घट पूर्णार्थाने उगवला असे होईल.