आमचा रातांबा नर निघाला!

आठवीची परीक्षा नुकतीच संपली होती. २०१३ चा मे महिना. आचऱ्याच्या आमच्या घरी पडवीत आजी रातांबे फोडायला बसलेली आणि मी तिच्या शेजारी बोटं लालभडक करून घेत होते. साली परातीत, रस पातेल्यात आणि बिया सुपात. त्यातल्या पाच बिया मी उचलल्या आणि म्हटलं, ‘‘आजी, ह्या मी लावणार.’’ आजीने मान वर न करताच सांगितलं, ‘‘लाव मगे. पण आजच लाव. बियो सुकल्यो काय मेल्यो.’’

दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्याच संध्याकाळी बिया खोचल्या. त्यातल्या तीन रुजल्या. एक रोप पहिल्याच उन्हाळ्यात सुकलं, एक शेजारच्या गायीने फस्त केलं. उरलेलं एक पुढच्या पावसात विहिरीच्या कडेला, माडाच्या सावलीत लावलं. ‘माझा रातांबा’ म्हणून मी त्याचे फोटो काढायचे. दहावीला तो माझ्या कमरेएवढा होता, बारावीला माझ्यापेक्षा उंच. मग मी कॉलेजसाठी पुण्याला गेले आणि तो विहिरीपाशी राहिला.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी घरी परतले. त्या डिसेंबरात एका सकाळी दिसलं, झाडावर कळ्या! बारीक, पिवळसर, झुपक्याझुपक्याने. मी घरभर नाचले. सोलकढीचे बेत केले, मैत्रिणींना आमसुलं पाठवायची यादी केली. पुढच्या काही आठवड्यांत फुलं उमलली आणि झाडाखाली त्यांचा सडा पडला. रातांबा मात्र एकही धरला नाही. शेवटी शेजारच्या काकांनी एक फुललेली डहाळी हातात घेऊन बघितली आणि हसून म्हणाले, ‘‘ह्यो नर आसा गो बाय. ह्येका रातांबे लागाचे नाय.’’

सात वर्षं. आणि आमचा रातांबा नर निघाला.

छापा की काटा?

मला वाटलं, हे फक्त माझ्याच नशिबी आलं. मग कळलं की कोकणात हे घरोघरी झालंय. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी लावली तर साधारण निम्मी झाडं नर निघतात. पान, खोड किंवा उंची बघून आधी काहीही कळत नाही. पहिला बहर येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, आपण फक्त नाणं हवेत उडवून वाट बघत असतो. नर फुलात परागकणांचे पुंकेसर दाटीने असतात, मादी फुलाच्या मधोमध पुढे फळ होणारी हिरवी गाठ असते. एकदा दोन्ही फुलं शेजारी ठेवून बघितली की पुन्हा चूक होत नाही. पण तोवर उशीर झालेला असतो.

आपल्या कोकमाचा एक चुलतभाऊ आग्नेय आशियात आहे, मँगोस्टीन. मॉलमध्ये जांभळ्या सालीचं, महागडं फळ दिसतं ना, तेच. दोघांचं कूळ एकच, गार्सिनिया. पण मँगोस्टीनला नराची गरजच लागत नाही. लागवडीतली त्याची झाडं मादीच असतात आणि परागकणांशिवाय बी धरतात. म्हणजे मलेशियातल्या मुलीने मँगोस्टीनची बी लावली, तर तिची फसगत होत नाही. आमची होते.

‘तोडून टाकू या?’

खरा प्रश्न त्यानंतर आला. मालवण, तारकर्लीला येणारे पर्यटक आता आमच्या बाजूलाही वळायला लागलेत. बाबांच्या डोक्यात दोन खोल्यांचा होमस्टे होता आणि पाहुण्यांची गाडी लावायला जागा हवी होती. ती जागा म्हणजे विहिरीकडचा तोच कोपरा. ‘‘फळ येत नाही, नुसता पाला पडतो. तोडून टाकू या,’’ बाबा म्हणाले. त्यांचं चुकत होतं असंही नाही. घर चालवायचं तर पैसे लागतात आणि नर रातांब्याला कोणी पैसे देत नाही.

मी गप्प होते. कारण मलाही त्या झाडाचा राग आला होता. बोलली ती आजी. ‘‘रवांदे ता झाड. कोणाचा काय खाता ता?’’

तेव्हा मला वाटलं, आजीची माया आहे, दुसरं काय! मग मी थोडी शोधाशोध केली. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणातल्या पिकांवर काम करतंय आणि आपल्या जिल्ह्यात वेंगुर्ल्याला त्यांचं फळ संशोधन केंद्र आहे. कोकमाची बाग करताना शंभरातली सुमारे दहा झाडं नर ठेवा, अशी विद्यापीठाची शिफारस आहे. मादी झाडांना पराग मिळावा म्हणून. म्हणजे आमचा नर बिनकामाचा नव्हता. त्याच्या जोडीला मादी झाडच नव्हतं.

बाबांना हे सांगितलं. गाडीची जागा चार पावलं पुढे, गडग्याजवळ सरकली. रातांबा राहिला.

कलमाचा धडा

२०२१ च्या जूनमध्ये एका रोपवाटिकेतून दोन मादी कलमं आणली. कलम म्हणजे लॉटरीवरचा उपाय. बियांपासून केलेलं रोप घ्यायचं, तो खुंट. त्याच्यावर भरपूर फळ देणाऱ्या मादी झाडाची कोवळी डोळकाडी बांधायची. याला मृदकाष्ठ कलम म्हणतात. आई मादी, म्हणून कलमही मादीच. शिवाय फळ सात-आठ नाही, चार-पाच वर्षांत. विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ आणि नंतर मोठ्या फळांची ‘कोकण हातीस’ अशा जाती दिल्या आहेत. अमृताची फळं पावसाच्या आधी तयार होतात, म्हणून आम्ही ती निवडली.

पण कलम आणलं की काम संपलं, हा माझा गैरसमज होता. पहिल्याच उन्हाळ्यात एका कलमाचा वरचा भाग वाळला आणि खालून जोमदार हिरवी फूट आली. मी खूश! वर्षभर त्या फुटीला शेणखत घातलं, पाणी घातलं. काका पुन्हा एकदा आले आणि पुन्हा एकदा हसले. ती फूट खुंटाची होती, जोडाच्या खालची. म्हणजे मी परत बीचंच झाड वाढवत होते. परत तेच नाणं, तेच हवेत उडवणं.

दुसरी गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. कोकमाचं झाड मुळात सरळसोट, शंकूसारखं वाढतं. पण आडव्या फांदीवरची डोळकाडी बांधली, तर ते कलम आडवंच पसरत राहतं, सरळ उभं राहत नाही. वर जाणाऱ्या शेंड्याची काडी हवी. त्यामुळे कलम घेताना नुसतं ‘मादी आहे ना?’ विचारून भागत नाही. ‘काडी कुठली घेतली?’ हेही विचारायचं.

एकोणीस रातांबे

दुसरं कलम जगलं. २०२५ च्या मे महिन्यात त्याच्यावर एकोणीस रातांबे पिकले. हो, मोजले. आजीने रोज मोजले.

आणि त्याच वर्षी पाऊस लवकर आला. २५ मे रोजी मान्सून देवगडला पोहोचला, एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. आधीचे काही दिवसही सरींचेच होते. आमसुलं करायची तर साली पुन्हा पुन्हा रसात बुडवून उन्हात वाळवाव्या लागतात. ऊन नाही तर बुरशी. रातांब्याचं सगळं गणित या पंधरा-वीस दिवसांवर उभं असतं. नेमक्या त्याच दिवसांत आंबा-काजूचीही घाई असते, माणसं मिळत नाहीत आणि कितीतरी झाडांखाली रातांबे तसेच कुजून जातात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन काही झाडाखालची फळं गोळा करायला येत नाही.

आजीने हार मानली नाही. ‘‘सोलां नाय तर नाय, आगळ करूया.’’ आगळाला ऊन लागत नाही, मीठ लागतं. एकोणीस रातांब्यांचं आगळ एका बाटलीत मावलं. बिया मात्र तिने बाजूला काढल्या. पूर्वी त्यांचं मुठेल काढायचे, थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला. या वेळी त्या मला दिल्या.

मी त्याच दिवशी पिशव्या भरल्या. या रोपांत नर किती, मादी किती, याची आता मला चिंता नाही. ते खुंट आहेत. त्यांच्यावर आमच्याच अमृताची काडी बांधायची आहे, सरळ शेंड्याची. काका शिकवणार आहेत. एक मुंबईच्या आतेभावाला, त्याच्या बंद असलेल्या घराच्या परड्यात लावायला. एक शेजारी. एक आमच्याकडेच, मी चुकवलेल्या कलमाच्या जागी.

विहिरीकडचा नर यंदाही फुलला आणि त्याच्याखाली सडा पडला. होमस्टेला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, ‘‘ह्याला फळं कधी येतात?’’ आजी म्हणाली, ‘‘ह्येका नाय येनत. त्येका येतत.’’ आणि तिने कलमाकडे बोट दाखवलं.

तुम्हालाही लावायचंय?

• फळ हवं असेल तर बी नको, मादी कलम घ्या. शक्यतो विद्यापीठाच्या किंवा सरकारमान्य रोपवाटिकेतून. जागा असेल तर एक नरही असू द्या. आसपास कोणाकडे जुना नर असेल, तर तो तोडू देऊ नका.

• खुंटासाठी बी लावायची तर पूर्ण पिकलेल्या फळाची, धुऊन, लगेच. डब्यात ठेवलेली बी रुजत नाही.

• उन्हाळ्यातच दोन-दोन फुटांचा खड्डा काढा. चांगली माती आणि शेणखताने भरून ठेवा आणि पावसाच्या सुरुवातीला कलम लावा. दोन झाडांत वीस फूट अंतर हवं.

• कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. जोडावरची प्लास्टिकची पट्टी वेळेवर सोडा. जोडाखालची प्रत्येक फूट निर्दयपणे काढा.

• पहिली दोन वर्षं सावली आणि उन्हाळ्यात नियमित पाणी द्या. माड-पोफळीच्या बागेत कोकम आनंदाने वाढतं.

• शहरात गॅलरी असेल तर कुंडीत रोप जगवता येईल, पण फळाची आशा धरू नका. दोन पावसाळ्यांत त्याला गावची जमीन दाखवा. त्या निमित्ताने तुम्हीही गावी जाल.