खासगी छायाचित्रांचा दुरुपयोग : पीडितांना कायद्याचा आधार

पश्चिम बंगालमधील पूर्व मेदिनीपूर जिल्ह्यातील तामलुक येथील न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने आपल्या परिचयातील तरुणीची खासगी दृश्ये तिच्या संमतीविना इंटरनेटवर प्रसृत केली होती. तक्रार २०१७ मध्ये नोंदविण्यात आली आणि वर्ष उलटण्यापूर्वीच आरोपीला पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. या तरुणीला बलात्कारपीडितेप्रमाणेच मानून राज्य शासनाने नुकसानभरपाई द्यावी, असेही न्यायालयाने निर्देशित केले.

या निकालाचे महत्त्व केवळ शिक्षेच्या मुदतीत नाही. अंगाला हात न लावताही एखाद्या व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर आणि जीवितावर घाला घालता येतो, ही गोष्ट त्यातून मान्य झाली. त्याचप्रमाणे तक्रार वेळेवर झाली, पुरावा जपला गेला आणि तपास नेटाने झाला, तर न्याय मिळू शकतो हेही सिद्ध झाले.

मोबाईल आता खेड्यापाड्यांत पोहोचला आहे आणि त्याबरोबर हा गुन्हाही पोहोचला आहे. असे प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वी बहुधा शाळेतील बाईंच्या, ग्रामसेवकाच्या, आशा कार्यकर्तीच्या किंवा सरपंचांच्या कानावर येते. या मंडळींनी पहिल्या दिवशी कोणता सल्ला दिला, यावर पुष्कळदा त्या प्रकरणाचे आणि पीडित व्यक्तीचेही भवितव्य अवलंबून असते. म्हणून या विषयातील कायद्याची माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

संमतीचा अर्थ

“फोटो तिनेच काढू दिला ना?” हा प्रश्न अशा वेळी सर्वप्रथम विचारला जातो आणि तेथेच पीडितेचे तोंड बंद होते. कायद्याने या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिलेले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ च्या स्पष्टीकरणानुसार, स्त्रीने छायाचित्र काढण्यास संमती दिली असली, परंतु ते इतरांना दाखविण्यास दिली नसली, तरी ते प्रसृत करणे हा गुन्हाच होय. छायाचित्र काढू देण्याची संमती ही पसरविण्याची संमती नव्हे. प्रसृत करणारा पूर्वीचा मित्र असो वा पती असो, या कलमाने कोणासही सूट दिलेली नाही. हीच तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३५४-सी म्हणून आलेली होती.

लागू होणारी कलमे

कलम ७७ अन्वये पहिल्या अपराधास किमान एक व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. अपराध पुन्हा केल्यास ती किमान तीन व कमाल सात वर्षांपर्यंत जाते. धमकी देऊन पैसे उकळल्यास खंडणीचे कलम ३०८, धमकीबद्दल कलम ३५१ आणि सतत पाठलाग केल्यास कलम ७८ लागू होऊ शकते.

याच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० आहे. व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपणे वा पाठविणे याला कलम ६६-ई अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होतात. लैंगिक कृतीचे उघड चित्रण प्रसृत केल्यास कलम ६७-ए अन्वये पहिल्या अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम ७७ चे संरक्षण स्त्रियांपुरते आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाची ही कलमे मात्र स्त्री व पुरुष दोघांनाही संरक्षण देतात. एखाद्या मुलाला किंवा पुरुषाला अशा प्रकारे छळले जात असेल तर त्यालाही दाद मागता येते, हे अनेकांना ठाऊक नसते.

एकाचा चेहरा दुसऱ्याच्या शरीराला जोडून तयार केलेली बनावट चित्रे ही अलीकडची आपत्ती आहे. चित्र खोटे आहे म्हणून गुन्हा घडला नाही, असे मानण्याचे कारण नाही. अशा प्रकरणी कलम ६७ व ६७-ए, तसेच प्रतिष्ठेला बाध आणण्यासाठी केलेल्या बनावटीकरणाविषयीचे न्याय संहितेचे कलम ३३६ यांचा आधार घेता येतो.

पहिले काही तास

भीतीपोटी पीडित व्यक्ती किंवा तिचे नातेवाईक मोबाईलमधील सर्व संदेश पुसून टाकतात. ही चूक पुढे फार महाग पडते. धमकीचे संदेश, ते पाठविणाऱ्याचा क्रमांक वा खाते, चित्र जेथे दिसले त्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता, दिनांक व वेळ यांची नोंद करावी आणि पडद्याची छायाप्रत, म्हणजेच स्क्रीनशॉट, घेऊन ठेवावा. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ मोबाईलही सांभाळून ठेवणे आवश्यक आहे.

दुसरी गोष्ट अशी की, धमकावणाऱ्यास पैसे देऊ नयेत. एकदा पैसे मिळाले की मागणी थांबत नाही, वाढत जाते. पैसे दिले गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, म्हणजे ती रक्कम रोखण्याचा प्रयत्न करता येतो.

तिसरी गोष्ट मदत करणाऱ्यांसाठी आहे. “पुरावा म्हणून” ते चित्र स्वतःच्या मोबाईलवर मागवून घेऊ नये आणि दुसऱ्या कोणास पाठवूही नये. मदतीच्या हेतूने पाठविलेली प्रतही प्रसारात भरच घालते.

पोलीस ठाण्यात

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याचा विचार न करता दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठविता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. कलम ७७ च्या गुन्ह्यातील पीडित स्त्रीचे निवेदन महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा अन्य महिला अधिकाऱ्याने नोंदवावयाचे असते. प्रथम खबरी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत पीडित व्यक्तीस कळविणे हेही पोलिसांचे कर्तव्य आहे.

ठाण्यात तक्रार नोंदवून घेतली गेली नाही तर तिचा सारांश पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठविता येतो आणि त्यानंतरही दखल न घेतली गेल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. ठाण्यात जाण्याचे धैर्य नसेल तर केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करता येते. स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी तेथे स्वतंत्र विभाग आहे.

चित्र हटविण्याची तरतूद

अपराध्याला शिक्षा होणे ही पुढची गोष्ट; पीडितेची पहिली मागणी चित्र खाली उतरविण्याची असते. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. २०२१ च्या मध्यस्थांविषयीच्या नियमांनुसार समाजमाध्यम चालविणाऱ्या कंपनीने तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. पीडित व्यक्तीने, किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही, तक्रार केल्यावर असा मजकूर २४ तासांत हटविण्याची तरतूद त्या नियमांनी केली. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ही मुदत दोन तासांवर आणली. बनावट चित्रांनाही हा नियम लागू आहे. हटविलेला मजकूर व त्याच्या नोंदी तपासासाठी १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन असल्यामुळे, चित्र उतरविल्याने पुरावा नष्ट होईल ही भीती बाळगू नये.

चित्र एका ठिकाणाहून काढले तरी दुसरीकडे उगवते, ही खरी अडचण आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मधील निकालात, प्रत्येक वेळी पीडितेनेच नवनवे पत्ते शोधून आणावेत ही अपेक्षा मान्य केली नाही. मद्रास उच्च न्यायालयापुढील एका प्रकरणानंतर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या विषयाची प्रमाणित कार्यपद्धती जाहीर केली. तीनुसार पीडित स्त्रीला सखी वन स्टॉप सेंटरचेही साहाय्य घेता येते. ‘स्टॉप एनसीआयआय’ या आंतरराष्ट्रीय सेवेत चित्र कोठेही न पाठविता त्याची केवळ सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते चित्र रोखतात.

विनामूल्य विधि साहाय्य

“वकिलाला द्यायला पैसे कोठून आणावयाचे?” या चिंतेने अनेक कुटुंबे घरातच बसून राहतात. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ अन्वये स्त्रिया व बालके यांना विनामूल्य विधि साहाय्य मिळण्याचा हक्क आहे आणि त्यांच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. पुरुषांना उत्पन्नमर्यादेत किंवा अन्य पात्रतेनुसार तो मिळतो. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे आणि तालुक्यात तालुका विधि सेवा समितीकडे साधा अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर चौकशी करावी. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर हे क्रमांक ठळक अक्षरांत लिहिणे हे अल्प खर्चाचे, परंतु मोठ्या उपयोगाचे काम आहे.

शिक्षकांचे कर्तव्य

पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पोक्सो, लागू होतो. येथे संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे कलम १९ अन्वये बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. “शाळेचे नाव जाईल” या कारणास्तव प्रकरण दडपणारा मुख्याध्यापक स्वतःच अपराधी ठरतो.

बालकाचे निवेदन त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावयाचे असते आणि बालकाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही, हे पालकांना समजावून सांगितले तर त्यांची निम्मी भीती दूर होते. बालकांची अशी चित्रे बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. वर्गातील मुलांना ही गोष्ट वेळीच सांगावयास हवी; गंमत म्हणून चित्र पुढे पाठविणारा मुलगाही या कायद्याच्या कक्षेत येतो.

पंचायत सदस्यांची भूमिका

गावात असा प्रकार घडला की “आपसात मिटवा” असा सल्ला दिला जातो. मुलाकडून माफी लिहून घेतली जाते, मोबाईल फोडला जातो आणि प्रकरण संपले असे समजले जाते. प्रत्यक्षात चित्राच्या प्रती अन्यत्र उरतात आणि मोबाईल फोडल्याने पुरावा मात्र नाहीसा होतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७७-ए नुसार स्त्रीविरुद्ध किंवा अठरा वर्षांखालील बालकाविरुद्ध केलेल्या अपराधात न्यायालयालाही तडजोड करता येत नाही; मग ती पाराखाली कशी होणार?

याहून गंभीर प्रकार म्हणजे पीडितेच्या कुटुंबालाच वाळीत टाकणे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१७ पासून लागू असून अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. मुलीची शाळा बंद करणे, घाईने तिचे लग्न लावून देणे हेही अन्यायाला अन्याय जोडण्यासारखेच आहे.

कायदा सर्व काही करू शकत नाही. ज्यांनी चित्र पाहिले त्यांच्या मनातून ते पुसण्याचे सामर्थ्य कोणत्याही न्यायालयात नाही. परंतु लाज कोणी बाळगावयाची, हे ठरविणे गावाच्या हाती आहे. पीडितेशी कोणी प्रथम आदराने बोलले, तिच्याबरोबर कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढले आणि हाती आलेले चित्र पुढे न पाठविता कोणी तेथेच थांबविले, यावर तिचे पुढचे आयुष्य उभे राहणार आहे. शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांनी हे काम आपले मानल्यास कायद्याने दिलेला आधार शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल.